अशक्य त्रिकोण : दोघांनी खेळायचे कोडे

व्हिडिओ खेळ म्हटला की धावपळ आणि मारामारी आठवते. परंतु लंडनच्या ‘अस टू’ कंपनीने २०१४ साली काढलेला ‘मॉन्युमेंट व्हॅली’ हा कोड्यांचा खेळ निराळा आहे. त्यात घड्याळाची घाई नाही. इडा या राजकन्येला वाट काढून द्यायची, एवढेच. मनोरा फिरवला की दूरदूरचे जिने जुळलेले दिसतात आणि इडा त्यांवरून चालू लागते!

हे कसे? चित्राला खोली नसते. एकाच दृष्टिरेषेवरील जवळचा व दूरचा बिंदू चित्रात एकच होतो. लायोनेल व रॉजर पेनरोज या पितापुत्रांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘अशक्य त्रिकोणा’मागे हेच तत्त्व आहे.

करून पाहा : तीन सारख्या काड्या मातीच्या गोळ्यांनी टोकाला टोक जोडा. पहिली आडवी, दुसरी तिच्याशी काटकोनात आडवीच, तिसरी उभी. आता एक डोळा मिटून, मोकळी टोके एकमेकांवर येतील अशा जागेवरून पाहा. बंद त्रिकोण दिसेल. बाजूला बसलेला मित्र मात्र म्हणेल, “टोके जुळलेलीच नाहीत!”

खरे कोण? भांडू नका, जागा बदलून पाहा. हा खेळही असाच, एका पडद्यासमोर दोघांनी बसून खेळा : बोट एकाचे, तर्क दोघांचा.