सिलिकॉनमधील अशुद्धींचा अवरक्त शोध

संगणकातील चिप असो वा सौरघट, दोहोंचा पाया सिलिकॉनचा स्फटिक हाच आहे. बोरॉन किंवा फॉस्फरस यांसारखी मूलद्रव्ये त्यात हेतुपुरस्सर मिसळली जातात. काही अशुद्धी मात्र निर्मितीच्या ओघात शिरतात. ऑक्सिजन हे त्याचे ठळक उदाहरण होय.

झोक्राल्स्की पद्धतीत सिलिकॉन क्वार्ट्‌झच्या मुशीत सुमारे १४१४ अंश सेल्सिअसला वितळवून त्यातून स्फटिक ओढून काढतात. मुशीचे आतील पृष्ठ किंचित विरघळते आणि त्यातील ऑक्सिजन स्फटिकात उतरतो. दर दहा लाख सिलिकॉन अणूंमागे साधारणतः १० ते २० ऑक्सिजन अणू आढळतात.

इतकी अल्प अशुद्धी नमुना न फोडता कशी मोजावी? शुद्ध सिलिकॉन अवरक्त किरणांना बऱ्याच अंशी पारदर्शक असते. ऑक्सिजनचा अणू दोन सिलिकॉन अणूंच्या मध्ये बसतो. या बंधाच्या कंपनाशी जुळणारे किरण शोषले जातात व सामान्य तापमानाला दर सेंटिमीटरला ११०७ या तरंगसंख्येपाशी, म्हणजे सुमारे ९ मायक्रॉन तरंगलांबीवर, शोषणपट्टा उमटतो. या पट्ट्याचा ऑक्सिजनशी असलेला संबंध कैसर, केक व लँग यांनी १९५६ मध्ये मांडला. कार्बन मात्र सिलिकॉन अणूचीच जागा घेतो. म्हणून त्याचा पट्टा ६०५ पाशी येतो. तेथे सिलिकॉनच्या जालकाचेही शोषण असल्यामुळे अतिशुद्ध नमुन्याचा वर्णपट वजा करावा लागतो.

पट्ट्याची तीव्रता अशुद्धीचे प्रमाण सांगते, तर त्याचे स्थान अणूची मांडणी दर्शविते. हा भेद महत्त्वाचा आहे. उच्च तापमानाच्या प्रक्रियेनंतर ११०७ चा पट्टा क्षीण झाला, तर ऑक्सिजन नाहीसा झाला असे समजणे चूक ठरेल. बहुधा त्याचे अणू एकत्र येऊन ऑक्साइडचे सूक्ष्म कण बनलेले असतात. हे कण चकतीच्या अंतर्भागात असल्यास घातक धातूंना अडकवून ठेवतात. पृष्ठभागाजवळ असल्यास मात्र चिप निकामी करू शकतात. ४५० अंशांच्या आसपास तापविल्यास ऑक्सिजनचे समूह इलेक्ट्रॉन पुरवून स्फटिकाची विद्युतरोधकताच बदलतात.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने अर्धवाहक उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांच्या कार्यक्रमास मान्यता दिली. अशा उद्योगाला कारखान्यांइतकीच अचूक मापनाची व ते जाणणाऱ्या मनुष्यबळाची गरज असते.