अणुभट्टी बंद करता येते, गाव कोण हलवणार?

मेकॅनिकल आणि केमिकलच्या मित्रांना सुखात्मे सरांची ओळख करून द्यायला नको. हीट ट्रान्स्फरच्या पेपरच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या निम्म्या खोल्यांत त्यांचंच पुस्तक उघडलेलं असतं. पण आयआयटी मुंबईचे संचालक राहिलेले हेच प्रा. सुहास सुखात्मे २००० ते २००५ या काळात अणुऊर्जा नियामक मंडळाचे अध्यक्ष होते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. देशातल्या अणुवीज केंद्रांच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणारं हे मंडळ. त्याचं मुख्य कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे.

आता एक प्रश्न. समजा, तारापूरला मोठा बिघाड झाला आणि किरणोत्सर्गी वायू बाहेर पडण्याची चिन्हं दिसू लागली. अशा वेळी या मंडळाचे अध्यक्ष बोईसर रिकामं करण्याचा हुकूम देऊ शकतात का? आमच्या विंगमध्ये मी हा प्रश्न टाकला तेव्हा बहुतेकांचं उत्तर आलं, "अर्थातच! मग अध्यक्ष कशाला?" प्रत्यक्षात उत्तर 'नाही' असं आहे. का नाही, आणि ते योग्य आहे की अयोग्य, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

मंडळ आलं कुठून?

१५ नोव्हेंबर १९८३ रोजी केंद्र सरकारने १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या आधारे एका आदेशाने हे मंडळ स्थापन केलं. म्हणजे संसदेने मंडळासाठी वेगळा कायदा केला नव्हता. सरकारने आपल्याच अधिकारातले काही अधिकार मंडळाला वापरायला दिले. मंडळाने अहवाल द्यायचा तो अणुऊर्जा आयोगाला, आणि आयोगाचे अध्यक्ष कोण, तर अणुऊर्जा विभागाचे सचिव. याच विभागाच्या अखत्यारीत न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन येतं, जे तारापूर चालवतं. आपल्या भाषेत सांगायचं तर एक्स्टर्नल एक्झामिनरने मार्कांची यादी कॉलेजच्या ट्रस्टींकडे द्यायची, असा हा प्रकार!

१९९३ ते १९९६ या काळात डॉ. ए. गोपालकृष्णन अध्यक्ष होते. त्यांच्या कारकिर्दीत, १९९५ मध्ये, मंडळाने विभागाच्या केंद्रांमधल्या सुमारे १३० सुरक्षाविषयक त्रुटींची यादी तयार केली. पद सोडल्यावर त्यांनी मंडळाला खरंखुरं स्वातंत्र्य हवं, ही मागणी जाहीरपणे लावून धरली. पुढे २००० साली भाभा अणुसंशोधन केंद्रच मंडळाच्या देखरेखीतून बाहेर काढलं गेलं आणि तिथली सुरक्षा केंद्राच्या अंतर्गत समितीकडे गेली. थोडक्यात, अध्यक्षांची खुर्ची मोठी, पण ती कुठे ठेवायची हे ठरवणारे दुसरेच.

अध्यक्षांच्या हातात काय आहे?

तरीही हे पद शोभेचं आहे असं कुणी समजू नये. नवीन अणुभट्टीची जागा, बांधकाम, इंधन भरणं, भट्टी सुरू करणं, या प्रत्येक टप्प्यावर मंडळाची परवानगी लागते. अटी मोडल्या तर परवाना थांबवता येतो, भट्टी बंद करायला सांगता येतं. १३ मे १९९४ रोजी कर्नाटकातल्या कैगा इथे बांधकाम चालू असताना अणुभट्टीच्या घुमटाचा भाग कोसळला, तेव्हा मंडळाने काम थांबवलं होतं. रुग्णालयातलं रेडिओथेरपीचं यंत्र असो किंवा कारखान्यात वेल्ड तपासायला वापरला जाणारा इरिडियमचा स्रोत असो, त्यालाही मंडळाची परवानगी लागतेच.

म्हणजे केंद्राच्या कुंपणाच्या आत अध्यक्षांचा शब्द वजनदार आहे. केंद्राने आपल्या आवारासाठी केलेला आणीबाणीचा आराखडासुद्धा मंडळच मंजूर करतं.

बंद केली तरी गरम!

इथे कुणी म्हणेल, भट्टी बंद करण्याचा अधिकार आहे ना, मग प्रश्न मिटला. नाही मिटत. कारण डिके हीट. साखळी प्रक्रिया थांबली तरी इंधनात साठलेली किरणोत्सर्गी द्रव्यं उष्णता देतच राहतात. बंद करण्याच्या क्षणी ती मूळ औष्णिक शक्तीच्या सहा-सात टक्के असते आणि काही तासांत एक टक्क्याच्या खाली उतरते. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्या प्रत्येकी ५४० मेगावॅट विजेच्या. म्हणजे औष्णिक शक्ती १७०० मेगावॅटच्या आसपास. साडेसहा टक्के धरले तर बटण दाबल्यानंतरही ११० मेगावॅट उष्णता बाहेर काढायची असते. पंप बंद पडले तर काय होतं, हे मार्च २०११ मध्ये फुकुशिमात जगाने पाहिलं. तिथे भूकंपानंतर चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्याच होत्या. त्सुनामीने वीज घालवली आणि गोष्ट हाताबाहेर गेली.

म्हणून अध्यक्षांचं सगळ्यात मोठं हत्यार चाललं तरी कुंपणाबाहेरची तयारी लागतेच.

कुंपणाच्या बाहेर कलेक्टर

अणुकेंद्राच्या आणीबाणीचे तीन प्रकार मानतात. पहिला प्लँटपुरता, दुसरा केंद्राच्या आवारापुरता आणि तिसरा आवाराबाहेरचा, म्हणजे 'ऑफसाइट'. पहिल्याचा सराव दर तिमाहीला, दुसऱ्याचा दरवर्षी आणि तिसऱ्याचा दोन वर्षांतून एकदा करायचा असतो. पहिल्या दोन्हींत सूत्रं केंद्राच्या अधिकाऱ्यांकडे. तिसऱ्यात मात्र सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे येतात. केंद्राने परिस्थिती सांगायची, सल्ला द्यायचा. लोकांनी घरातच थांबायचं, आयोडीनच्या गोळ्या घ्यायच्या की गाव सोडायचं, हा हुकूम कलेक्टरचा.

तारापूरच्या १ आणि २ क्रमांकाच्या भट्ट्या १९६९ पासूनच्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत तारापूर ठाणे जिल्ह्यात होतं. म्हणजे तब्बल ४५ वर्षं, अणुकेंद्राच्या बाहेरच्या आणीबाणीची जबाबदारी ठाण्यातल्या कोर्टनाक्यावरच्या आपल्या कलेक्टर कचेरीत बसणाऱ्या साहेबांकडे होती. आज ती पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे.

आराखड्याची भूमिती साधी आहे. केंद्राभोवती एक-दीड किलोमीटरचा पट्टा पूर्ण मोकळा, तिथे वस्तीला परवानगी नाही. पाच किलोमीटरपर्यंत वस्तीच्या वाढीवर नियंत्रण. आणि सोळा किलोमीटरपर्यंत आणीबाणी नियोजनाचं क्षेत्र. या वर्तुळाचे १६ समान भाग पाडतात, कारण वारा ज्या दिशेला वाहील त्याच भागातल्या गावांना आधी हलवायचं असतं. बोईसर या वर्तुळात येतं, आणि तारापूर एमआयडीसीसुद्धा. म्हणजे रासायनिक कारखान्यांचे आणीबाणीचे आराखडे आणि अणुकेंद्राचा आराखडा एकाच टेबलावर!

आता हे काम प्रत्यक्षात काय असतं ते पाहा. एसटीच्या बस कोण मागवणार? रस्ते कोण अडवणार? शाळांत निवाऱ्याची सोय, पाणी, दूध, गुरांचा चारा? आयोडीनच्या गोळ्यांचंच घ्या. आयोडीन-१३१ थायरॉइडमध्ये साठतं, म्हणून साधं आयोडीन आधीच देऊन ती जागा भरून टाकायची. पण गोळी वेळेत पोचली तरच उपयोग, बाधेनंतर बराच उशिरा घेतलेली गोळी जवळजवळ वाया जाते. ती वाटणार प्राथमिक आरोग्य केंद्र, पोलीस पाटील, ग्रामसेवक, अंगणवाडीच्या ताई. यातलं एकही माणूस नियामक मंडळाच्या अध्यक्षांच्या हाताखाली नाही. सगळे जिल्ह्याचे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचं अध्यक्षपद आणि वाहतूक रोखण्याचे, साधनं ताब्यात घेण्याचे अधिकारही जिल्हाधिकाऱ्यांनाच दिले आहेत. हॉस्टेलच्या रेक्टरची सत्ता गेटपर्यंत, गेटबाहेरच्या रस्त्यावर ट्रॅफिक पोलीस, तसंच हे.

दुखणं कुठे आहे?

माझ्या मते ही वाटणी चुकीची नाही. अणुशक्तीनगरमध्ये बसलेल्या शास्त्रज्ञाला बोईसरच्या फाटकावर संध्याकाळी किती गर्दी होते हे माहीत असण्याचं कारण नाही. खरं दुखणं वेगळं आहे. ऑफसाइट सरावाच्या वेळी मंडळाचे निरीक्षक हजर राहतात आणि त्रुटी लिहून देतात. पुढे काय?

याचं उत्तर २०१२ मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालात मिळतं. आवाराबाहेरच्या सरावांमधून तयारी अपुरी असल्याचं दिसून आलं होतं आणि सुचवलेल्या दुरुस्त्या अमलात आणायला लावण्याचा अधिकार मंडळाला नव्हता, असं कॅगने स्पष्ट नोंदवलं. रेडिओग्राफी, रेडिओथेरपी यांसारख्या ठिकाणांसाठी आणीबाणीच्या आराखड्याची वेगळी संहिताच नव्हती, हेही त्यात आहे. आणि नियम मोडल्याचा कमाल दंड? पाचशे रुपये! आपल्या लायब्ररीचं एखादं पुस्तक हरवलं तरी याहून जास्त भरावे लागतात.

स्वतंत्र प्राधिकरणासाठी सप्टेंबर २०११ मध्ये लोकसभेत विधेयक आलं होतं, ते २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपल्यावर बारगळलं. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' या नावाने ओळखला जाणारा नवा अणुऊर्जा कायदा मंजूर केला. १९६२ च्या कायद्याच्या जागी आलेला हा कायदा खासगी कंपन्यांना दार उघडतो आणि नियामक मंडळाला कायद्याचा दर्जा देतो. यामुळे केंद्र चालवणाऱ्यासमोर अध्यक्षांचा आवाज चढेल, ही चांगलीच गोष्ट. पण बस, शाळा, दवाखाने जिल्ह्याकडेच राहणार. तेव्हा जिल्ह्याच्या त्रुटींचा पाठपुरावा कोण करणार, हा प्रश्न नव्या काळातही विचारावाच लागेल.

अमेरिकेतही हेच कोडं

हे फक्त आपल्याकडचं आहे असं नाही. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेत थ्री माइल आयलंडचा अपघात झाला. नियामक आयोगाचे अध्यक्ष जोसेफ हेन्ड्री यांच्याकडे पुरेशी माहितीही पोचत नव्हती. ३० मार्चला पाच मैलांच्या आतल्या गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांनी दूर जावं, हा सल्ला जाहीर केला तो पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरनी. नंतर १९८० मध्ये आयोगाच्या अध्यक्षांना आणीबाणीतले खास अधिकार मिळाले. तरी लोकांना हलवण्याचा निर्णय राज्याकडेच राहिला.

न्यूयॉर्कजवळच्या शोरहॅम केंद्राची कथा तर आणखी बोलकी. १९८३ मध्ये तिथल्या सफोक काउंटीने सांगून टाकलं की आमची माणसं सुरक्षित बाहेर काढणं शक्य नाही, आम्ही आराखड्यात सहभागी होणार नाही. आयोग काउंटीला जबरदस्ती करू शकला नाही. अब्जावधी डॉलर खर्चून बांधलेलं केंद्र व्यावसायिक वीज न देताच कायमचं बंद झालं.

फुकुशिमाच्या वेळी जपान सरकारने २० किलोमीटरपर्यंतचा भाग रिकामा केला. अमेरिकेच्या आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष ग्रेगरी याच्को यांनी मात्र तिथल्या अमेरिकन नागरिकांना ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटर दूर जायला सांगितलं. स्वतःच्या देशात नियोजनाचं क्षेत्र दहा मैलांचं असताना हा आकडा कुठून आला, अध्यक्षांना असा अधिकार होता का, यावर वॉशिंग्टनमध्ये भरपूर वाद झाला.

हे ८० किलोमीटर आपण नकाशावर मांडून पाहू. तारापूर ते ठाणे सरळ रेषेत साधारण ७५ ते ८०, डोंबिवली ८० च्या किंचित पुढे. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. तारापूरचा आराखडा १६ किलोमीटरचा आहे आणि त्यामागे तांत्रिक कारणं आहेत. पण १६ आणि ८० यांच्यामधल्या जागेत निर्णय कोण घेणार, हे आधी ठरलेलं असावं, एवढंच म्हणणं. उलट बाजूला तुर्भ्याच्या संशोधन भट्ट्या डोंबिवलीपासून जेमतेम तीस किलोमीटरवर आहेत, आणि तेच केंद्र २००० साली मंडळाच्या देखरेखीतून बाहेर काढलं गेलं, हेही लक्षात असू द्या.

आपण काय करायचं?

डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ मध्ये प्रोबेसचा आणि मे २०२४ मध्ये अमुदानचा स्फोट झाला. रासायनिक कारखान्यांनाही १९८९ पासून हाच नियम आहे. आतला आराखडा मालकाचा, बाहेरचा जिल्हा प्रशासनाचा. दोन्ही वेळा काचा फुटल्या त्या कुंपणाबाहेरच्या घरांच्या. अणुकेंद्रासाठी शिकायचा धडा आपल्या दारातच आहे.

म्हणून माझ्या तीन सूचना. एक, आपल्या जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा मिळवून वाचा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७ आहे, तो खोलीच्या दारामागे लावा. दोन, ऑफसाइट सराव झाला की त्यातल्या त्रुटी आणि त्या दूर करण्याची तारीख जाहीर व्हावी, अशी मागणी माहितीच्या अधिकारात आणि वर्तमानपत्रांतून करत राहू या. अध्यक्षांना बस हलवता येत नसतील तर नसू देत, पण 'बस कमी पडल्या' हे त्यांनी लिहिल्यावर कुणीतरी उत्तर दिलंच पाहिजे. तीन, आपल्यापैकी काही जण उद्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनमध्ये जातील, काही एमपीएससी, यूपीएससी करून कलेक्टर कचेरीत बसतील. दोघांनी पहिल्याच महिन्यात एकमेकांचा फोन नंबर घ्यावा, ही कळकळीची विनंती.