शंका-समाधान : कविता निनावी, परीक्षक नावानिशी

शंका : आमच्या मंडळाच्या काव्यस्पर्धेत पहिलं बक्षीस परीक्षकांच्याच विद्यार्थिनीला मिळालं. कवितांवर नावं होती. यात काळंबेरं समजावं का?
– एक वाचक, उधना, सुरत

समाधान : एवढ्यावरून लबाडी ठरत नाही. कविता खरोखर सरस असेल. पण ते दाखवायची सोय आयोजकांनी ठेवली नाही आणि बोल त्या मुलीला लागतो. कवितेवर फक्त क्रमांक असावा. नाव-पत्त्याचं बंद पाकीट परीक्षणाशी संबंध नसलेल्या माणसाकडे द्यावं. हस्ताक्षरही ओळखू येतं, म्हणून कविता टाइप केलेल्याच घ्याव्यात. ब्रिटनच्या पोएट्री सोसायटीच्या राष्ट्रीय स्पर्धेतही परीक्षकांना कवींची नावं कळत नाहीत. तरी स्वतः सुधारून दिलेली कविता गुरुजी ओळखणारच. तशा कवितेला त्यांनी गुण देऊ नयेत आणि तसं लेखी कळवावं. परीक्षकांची नावं मात्र आधीच जाहीर हवीत, म्हणजे त्यांच्या विद्यार्थ्यांना आणि नातलगांना भाग घ्यायचा की नाही हे ठरवता येतं.

शंका : मी अहिराणीत कविता पाठवली. शुल्क घेतलं आणि निकालाच्या दिवशी ‘फक्त प्रमाण मराठी’ म्हणून बाद केली.
– एक वाचक, लिंबायत, सुरत

समाधान : हा अन्याय आहे. जी अट पत्रकात नाही, ती शुल्क घेतल्यावर लावता येत नाही. कविता परीक्षकांपुढे ठेवावी, नाहीतर पैसे परत करावेत. सुरतेत खानदेशातून आलेली कुटुंबं इतकी आहेत की इथल्या स्पर्धेत अहिराणी येणारच. ती चालणार असेल, तर बोली जाणणारा एक परीक्षक नेमावा.

शंका : परीक्षकांचा निकाल मंडळाचे अध्यक्ष फिरवू शकतात का?
– एक वाचक, दिंडोली, सुरत

समाधान : नाही. नियमभंग झाला असेल, उदाहरणार्थ कविता चोरीची निघाली, तर तो पुराव्यासह परीक्षकांपुढेच मांडावा. निकाल वरून फिरवला की काय होतं ते पाहा : महाराष्ट्र शासनाने डिसेंबर 2022 मध्ये कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या पुस्तकाच्या मराठी अनुवादाबद्दल अनघा लेले यांना पुरस्कार जाहीर केला आणि आठवडाभरात शासन निर्णय काढून तो रद्द केला; निवड समितीही बरखास्त केली. निषेधार्थ राजीनामे आले, काही लेखकांनी आपले पुरस्कार नाकारले. ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम’ ही ओळ स्पर्धकांइतकीच आयोजकांनाही बांधते.

वाचकहो, प्रवेशिका भरण्याआधी तीन गोष्टी विचारा : परीक्षक कोण, निकष कोणते आणि मागितल्यास आपले गुण दाखवणार का? उत्तर मिळालं नाही, तर शुल्क भरू नका.