साखर फक्त गोडानं वाढत नाही : आपलं आतडं, आपलं ताट आणि शुगर



"मी तर चहासुद्धा बिनसाखरेचा पिते, मग मला शुगर कशी निघाली?" हा प्रश्न हल्ली बऱ्याच गटांच्या बैठकीत निघतो. विचारणारीची चूक नाही. शुगर म्हणजे गोड खाण्याचा आजार, असंच आपण ऐकत आलोय. पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशपातळीवरच्या पाहणीनुसार भारतात अंदाजे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढे सगळे काही मिठाई खाऊन आजारी पडलेले नाहीत. म्हणून या महिन्याच्या धड्यात आपण एका वेगळ्या जागी डोकावू. ती जागा म्हणजे आपलं आतडं.

शुगर वाढते म्हणजे काय होतं?

भाकरी, चपाती, भात, पोहे, साबुदाणा, बटाटा हे चवीला गोड नसले तरी पोटात गेल्यावर त्यांची साखरच होते. ती रक्तात उतरते. पोटामागे स्वादुपिंड नावाचा अवयव असतो, तो इन्सुलिन सोडतो. इन्सुलिनमुळे रक्तातली साखर शरीराच्या पेशींमध्ये जाते आणि आपल्याला ताकद मिळते. इन्सुलिन कमी पडलं किंवा शरीर त्याला दाद देईनासं झालं, की साखर रक्तातच साठून राहते.

आतडं आधी निरोप धाडतं

पाहुणे येणार असल्याचा निरोप आधी मिळाला, तर आपण पीठ मळून तयार राहतो. न सांगता दहा जण दारात उभे राहिले तर धांदल उडते. शरीरातही असंच आहे. जेवण आतड्यात पोचलं की आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी रक्तातून निरोप धाडतात. या निरोप्यांना संप्रेरकं किंवा हार्मोन म्हणतात. त्यातली दोन महत्त्वाची नावं म्हणजे जीएलपी-१ आणि जीआयपी.

हे दोघंही स्वादुपिंडाला सांगतात, "साखर येतेय, इन्सुलिन सोड." जीएलपी-१ आणखी तीन कामं करतं. जठराला सांगतं, अन्न हळूहळू पुढे ढकल. यकृतातून रक्तात येणारी जादा साखर आवरायला मदत करतं. आणि मेंदूला कळवतं, पोट भरलं.

हे कळलं कसं? १९६० च्या दशकात शास्त्रज्ञांनी साखर एकदा तोंडाने दिली आणि एकदा सलाइनसारखी थेट शिरेतून दिली. तोंडाने दिल्यावर कितीतरी जास्त इन्सुलिन तयार झालं. म्हणजे आतड्याच्या वाटेने गेलेल्या साखरेची वर्दी आधीच पोचत होती. निरोगी माणसात जेवणानंतरच्या इन्सुलिनमधला निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा या निरोपांचा असतो. मोठेपणी होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहात, ज्याला टाइप २ म्हणतात, हाच परिणाम कमी पडतो. म्हणूनच आज मधुमेहाची काही औषधं याच जीएलपी-१ च्या धर्तीवर बनवली जातात.

आतड्यातले बिनपगारी कामगार

चमचाभर विरजणाने पातेलंभर दुधाचं दही होतं. ते काम डोळ्यांना न दिसणारे जिवाणू करतात. असेच जिवाणू आपल्या मोठ्या आतड्यात राहतात. २०१६ सालच्या एका हिशोबानुसार माणसाच्या अंगात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात.

त्यांचं खाणं म्हणजे आपल्याला न पचणारा चोथा. भाजीचे तंतू, डाळीची सालं, धान्याचा कोंडा हे सगळं त्यात आलं. गोबरगॅसच्या टाकीत शेण कुजून गॅस तयार होतो, तसा हा चोथा आतड्यात आंबतो आणि त्यातून काही उपयोगी आम्लं तयार होतात. ही आम्लं आतड्याच्या अस्तराला पोसतात आणि जीएलपी-१ सोडणाऱ्या पेशींना चालना देतात. चोथाच मिळाला नाही तर हे जिवाणू उपाशी राहतात. उंदरांवरच्या प्रयोगात तर असं दिसलं, की उपाशी जिवाणू आतड्याचं रक्षण करणारा चिकट थरच खायला लागतात.

२०१८ साली चीनमधल्या एका अभ्यासात मधुमेहाच्या रुग्णांना औषधाच्या जोडीला भरपूर चोथ्याचा आहार दिला. त्यांच्या आतड्यात आम्लं बनवणारे जिवाणू वाढले आणि फक्त नेहमीचा आहार व औषध घेणाऱ्यांपेक्षा त्यांची साखर जास्त आटोक्यात आली. "औषधाच्या जोडीला" हे शब्द मात्र विसरू नका.

आता आपल्या ताटाकडे बघू

घरात आधी कोण जेवतं? सासरे, नवरा, मुलं. मग आपण. तोवर भाजीचं भांडं तळाला गेलेलं असतं. आपल्या वाट्याला काय येतं? तीन-चार भाकऱ्या, ठेचा, उरलेला भात आणि पातळ रस्सा. म्हणजे साखर होणारं अन्न भरपूर आणि जिवाणूंचा चोथा कमी. आपण शेतात आणि घरात राबतो, तरी शुगर निघते, त्यात या ताटाचाही वाटा असू शकतो. म्हणून पहिला बदल स्वयंपाकात नको, वाढण्यात करा. सगळ्यांना वाढताना स्वतःची वाटीभर भाजी किंवा उसळ आधीच झाकून ठेवा. याला एक रुपयाही लागत नाही.

आणखी काय करता येईल?

• मटकी, मूग, चवळी, हुलगा, हरभरा यांपैकी एकाची उसळ किंवा सालासकट डाळ रोज खा. मेथी, शेपू, तांदुळजा, अंबाडी, शेवग्याचा पाला, गवार जे परसात किंवा बांधावर मिळेल ते घ्या.
• जेवताना आधी भाजी-उसळ थोडी खा, मग भाकरी-भाताला हात लावा. २०१५ साली न्यूयॉर्कमध्ये ११ मधुमेही रुग्णांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात भाजी आणि प्रथिनांचे पदार्थ आधी खाल्ल्यावर जेवणानंतरची साखर कमी चढली.
• ज्वारी-बाजरीची भाकरी चांगलीच, पण तीही मोजून. तिचीही साखर होतेच.
• उपवासाला नुसता साबुदाणा नको. तो जवळजवळ सगळा पिष्टच असतो.
• चोथा एकदम वाढवला तर पोट फुगतं. आठ-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवा आणि पाणी प्या.
• दही-ताक चांगलं. पण त्यातले जिवाणू आतड्यात फारसे टिकत नाहीत. घरच्या कामगारांना चोथाच द्यावा लागतो.
• जेवल्यावर लगेच आडवं होण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटं चाला.

हे मात्र करू नका

भाजी वाढवली म्हणून गोळी बंद करू नका. सरकारी दवाखान्यात मिळणारी मेटफॉर्मिनची गोळी आतड्यातही काम करते, त्यामुळे सुरुवातीला काहींना जुलाब किंवा मळमळ होते. ती जेवणासोबत घ्या, त्रास डॉक्टरांना सांगा, पण मनाने सोडू नका.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण तोडू नका, कडक उपवास धरू नका. घाम फुटला, हातपाय थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर शुद्धीत असतानाच साखर-पाणी प्या आणि दवाखाना गाठा.

"आतडं साफ करून शुगर मुळापासून घालवतो" असं सांगून कुणी बैठकीत पावडर विकायला आलं, तर विकत घेऊ नका. त्यासाठी गटातून कर्ज तर मुळीच नको. त्या पैशात कित्येक महिन्यांची मटकी येईल.

तपासणी

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने आशाताईंना सांगून उपकेंद्रात तपासणी करून घ्या. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असेल तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, इथे ताट बदलून खूप काही वाचवता येतं. १२६ किंवा जास्त आली तर डॉक्टर पुन्हा तपासून निदान पक्कं करतात. बाळंतपणात शुगर वाढली होती, त्यांनी वय न बघता तपासत राहा.

पुढच्या बैठकीसाठी

१. काल रात्री तुमच्या ताटात काय होतं? तुम्ही घरात कितव्या नंबरला जेवलात?
२. तिशीवरच्या कोणाची तपासणी राहिली आहे? नावं लिहून आशाताईंकडे द्या.
३. पंधरा दिवस प्रत्येकीने स्वतःची भाजीची वाटी झाकून ठेवायची. कोणाला जमलं, कोणाला नाही आणि घरात कोण काय बोललं, ते बैठकीत सांगायचं.

बचतीचा हप्ता आपण घरखर्चातून आधी बाजूला काढतो, उरलं तर टाकू असं म्हणत नाही. भाजीच्या वाटीचंही तसंच करा.

– तुमची क्षेत्र समन्वयक