रिपोर्टातली ‘मॅलिग्नन्सी’ आणि पिशवीचं ऑपरेशन

प्रश्न : बायको ३२ वर्षांची. अंगावरून पांढरं जातं म्हणून गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी केली. रिपोर्ट मुलाने वाचला – ‘निगेटिव्ह फॉर इन्ट्राएपिथेलियल लिजन ऑर मॅलिग्नन्सी’. मॅलिग्नन्सी म्हणजे कॅन्सर, हे मोबाइलवर कळलं. ‘सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका,’ असं दवाखान्यात सांगितलंय. दिवाळीनंतर ऊसतोडणीला जायचं आहे. काय करावं?
– एक वाचक, ता. पाटोदा, जि. बीड

उत्तर : रिपोर्टचा पहिलाच शब्द पुन्हा वाचा. ‘निगेटिव्ह’ म्हणजे सापडलं नाही. कॅन्सर नाही आणि कॅन्सरआधीचे बदलही दिसले नाहीत, एवढाच त्या ओळीचा अर्थ. चांगला रिपोर्ट आहे हा!

त्याखाली ‘इन्फ्लमेटरी’ असं लिहिलेलं असेल, तर ती सूज. ती बहुतेक वेळा जंतुसंसर्गाची असते आणि औषधाने बरी होते. काही संसर्गांत नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात. फडात ना मोरी, ना संडास, पाळीतही ऊस तोडायचा; तिथे असा त्रास होणारच. त्यावर पिशवी काढणं हा इलाज नव्हे.

खरे बदल सापडले तर रिपोर्टात ‘सीआयएन’ १, २ किंवा ३ येतं. इथे फार गोंधळ होतो. सीआयएन ३ म्हणजे कॅन्सरची तिसरी स्टेज नव्हे. तो अजून कॅन्सरच नाही. सीआयएन १ अनेकदा आपोआप जातं. २ आणि ३ साठी तेवढाच भाग गोठवून, जाळून किंवा कापून काढतात. पिशवी जागेवर राहते. स्टेज कॅन्सर ठरल्यावरच सांगतात : तो कुठवर पसरला आहे ते. ग्रेड वेगळी, पेशी किती बिघडल्या आहेत ते ती सांगते. आणि कॅन्सर ठरतो तो बायोप्सीने, म्हणजे तुकडा काढून तपासल्यावर. पिशवीच्या तोंडाचा तुकडा काढल्याने कॅन्सर भडकतो, ही निव्वळ अफवा आहे.

आता घाईबद्दल. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एचपीव्ही विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षं टिकून राहिला तर होतो, आणि त्याला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. दिवाळीच्या आत निर्णय घ्यावा असं त्यात काही नाही. ती घाई मुकादमाकडून घेतलेली उचल आणि कामावर खाडा झाला तर बसणाऱ्या दंडाची असते. आपल्याच जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली; त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली होती, ती याच प्रश्नावर. पिशवी काढली की पाळी कायमची बंद होते; बरोबर अंडाशयही काढलं तर हाडं ठिसूळ व्हायला लागतात. मग कोयता कसा पेलणार?

शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातला दाखला बघा. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि टाटा मेमोरियल यांनी तिथल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखावर बायकांवर मोठा अभ्यास केला. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वेळेवरची तपासणी आणि लागेल तेवढाच उपचार, बस्स.

मात्र संबंधानंतर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी गेल्यावर रक्त जात असेल, तर निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबू नका, पुन्हा दाखवा. काही आजारांत पिशवी काढावीच लागते, तेही खरं. पण ते कोणत्या आजारासाठी, हे कागदावर लिहून मागा. तोवर सही करू नका. रिपोर्ट घेऊन बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात स्त्रीरोग विभागात दाखवा, आणि बायकोला सोबत न्या. तिचे प्रश्न तिलाच विचारू द्या.