इंजिन स्लोला धडधडतं? स्क्रू फिरवण्याआधी हे बघा

३१ जुलैला बंदी संपते आणि ऑगस्ट उजाडला की जेटीवर ठरलेली तक्रार ऐकू येते: "रेस दिली की इंजिन मस्त चालतं, स्लोला आणलं की धडधडतं, मधेच बंदही पडतं." मग कोणीतरी पाना घेतो, स्लोचा स्क्रू थोडा आवळतो, आवाज सुधारतो आणि ट्रॉलर निघतो.

आमचं म्हणणं असं, की स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावा. स्लो वाढवला की दोष झाकला जातो, जात नाही. वर गियर टाकताना गिअरबॉक्सला दणका बसतो तो वेगळाच. आणि इंजिन बंद पडायचं तेव्हा पडतंच, बहुधा नदीच्या मुखाशी, वाळूच्या पट्टीवर लाटा फुटत असताना तांडेल रेस कमी करतो तेव्हा. तिथे पुन्हा स्टार्टर मारत बसायला वेळ कोणाकडे असतो?

आधी गियर न टाकता, इंजिन गरम झाल्यावर दोन मिनिटं नुसतं ऐका. न्यूट्रलमध्ये शांत आणि गियर टाकल्यावरच हादरत असेल तर इंजिनाला दोष देऊ नका. पंख्यात दोरी किंवा जाळ्याचा तुकडा अडकलाय का, शाफ्ट आणि कपलिंग सरळ आहे का, ते बघा. न्यूट्रलमध्येही आवाज आपोआप वरखाली होत असेल, म्हणजे इंजिन धाप लागल्यासारखं करत असेल, तर बहुतेक वेळा डिझेल नीट पोचत नाही. आणि ठरावीक अंतराने ठोका चुकत असेल तर एखादाच सिलिंडर काम करत नाही. या तिन्हींची औषधं वेगळी.

बंदीनंतर जास्त करून दुसरा प्रकार दिसतो. दोन महिने टाकी अर्धी रिकामी राहिली की पावसाळ्यातली दमट हवा आत जाते, टाकीच्या भिंतींवर पाणी धरतं आणि तळाशी जमतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे काळपट चिकट घाण वाढते, तीच फिल्टर बुजवते. म्हणून फिल्टरखालच्या भांड्याचा नळ उघडून थोडं डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या आणि पंधरा मिनिटं ठेवा. पाणी जड, ते खाली बसतं. दिसलं तर टाकीच्या तळापासून उपसा, नुसता फिल्टर बदलून भागणार नाही. (पुढच्या वर्षी बंदीआधी टाकी भरून ठेवलीत तर हे काम निम्मं होईल.)

आता हवा. टाकी इंजिनापेक्षा खाली असली तर टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात डिझेल ओढलं जातं. तिथे बारीक फट असली तर चालू इंजिनात डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून डोळ्याला काहीच दिसत नाही. एअर काढायची रीत सगळ्यांना माहीत आहे: फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करा, हँड पंप मारत राहा, फेस थांबून नुसतं डिझेल आलं की आवळा. पुढे इंजेक्शन पंपावरही तेच. पण एअर काढणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. दुसऱ्या दिवशी परत एअर धरली तर फट तशीच आहे. क्लिपखाली चिरलेला रबरी पाइप आणि पुन्हा वापरलेले जुने तांब्याचे वॉशर, या दोन जागा आधी तपासा. वॉशर स्वस्त असतात, दर वेळी नवे घाला.

फट सापडत नसेल तर डब्याची परीक्षा करा. स्वच्छ डिझेलचा डबा इंजिनापेक्षा उंच, गरम सायलेन्सरपासून लांब बांधा आणि नव्या पाइपाने थेट फीड पंपाला जोडा. एअर काढून इंजिन चालवा. शांत चाललं तर दोष टाकी, जुना पाइप किंवा त्यावरचा फिल्टर यातच आहे. तरीही वरखाली होत असेल तर पुढचा फिल्टर, फीड पंप, नाहीतर इंजेक्शन पंपाचा गव्हर्नर. गव्हर्नर मात्र पंपवाल्याकडेच द्या.

ठोका चुकत असेल तर जुन्या पद्धतीच्या पंपाच्या इंजिनावर मेकॅनिक एकेका नोझलच्या पाइपाचा नट स्लोला थोडा सैल करून बघतो. चांगला सिलिंडर बंद केला की आवाज आणखी बिघडतो. ज्याचा नट सैल करूनही फरक पडत नाही, तोच आळशी. मग त्याचं नोझल, टॅपेटची फट, कॉम्प्रेशन या क्रमाने जावं. गॉगल आणि फडकं हवंच, हात फवाऱ्यासमोर नको, कारण तो दाब कातडीतून डिझेल आत घुसवतो. कॉमन रेल इंजिनावर हा प्रयोग कधीही करू नका.

धूरही सांगतो. गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर डिझेल न जळता जातंय किंवा पाणी येतंय, काळा असेल तर हवा कमी नाहीतर डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय. हे सगळं नीट झाल्यावरच स्लो तपासा, आणि तोही कानाने नव्हे, पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांवर लावा.

पेट्रोलचं आउटबोर्ड असलेल्या छोट्या होडीवाल्यांचं दुखणं वेगळं. कार्ब्युरेटरमधलं स्लोचं भोक फार बारीक असतं. दोन महिने पडून राहिलेलं पेट्रोल चिकट होऊन ते बुजवतं, म्हणून रेसला चालतं आणि स्लोला मरतं. जुनं पेट्रोल काढून टाका, कार्ब्युरेटर उघडून जेट क्लीनरने आणि हवेने साफ करा. त्यात तार घालू नका, भोक मोठं होतं. आणि किनाऱ्यावर चालवून बघताना इंजिनाचा पाय पाण्याच्या ड्रमात बुडालेला हवा, कोरडं चालवलं तर पाण्याच्या पंपाचं रबर थोड्याच वेळात जळतं.