जुनं घर, मोजक्या खोल्या: पाहुण्याला दर किती सांगायचा?

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण सावंतवाडीचा राजवाडा पाहिला. व्हिडिओत आकडे सावकाश मांडायला वेळ पुरत नाही, म्हणून हिशोबाचा भाग इथे लिहून देतोय. मालवण, वेंगुर्ला, आचरा, कुडाळ या पट्ट्यात ज्यांचं चिऱ्याचं जुनं घर आहे आणि "निवास-न्याहारी सुरू करूया का?" असा विचार घरात चाललाय, त्यांनी वही घेऊनच बसा.

आधी राजवाडा. तिसरे खेम सावंत यांच्या काळातली, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली ही वास्तू. समोर १८७४ सालचा मोती तलाव. आज राजघराण्यातली मंडळी तिथेच राहतात आणि आवारात पाहुण्यांसाठी खोल्या चालवतात. किती? फक्त सहा. एवढा मोठा राजवाडा आणि सहाच खोल्या! त्यांची सजावट दशावतारी गंजिफ्यावर बेतलेली आहे. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, दशावतारी जोडात १२० पानं. ही कला जवळजवळ संपत आली होती तेव्हा शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती पुन्हा उभी केली. आजही दरबार हॉलमध्ये कारागीर बसून पत्ते रंगवतात, लोक तिकीट काढून ते बघतात आणि जाताना खरेदी करतात.

आता धंद्याच्या नजरेने बघा. दरबार हॉलमध्ये पार्टिशन टाकून आणखी खोल्या काढता आल्या असत्या. तसं केलं नाही, म्हणून पाहुण्याला तिथे राहावंसं वाटतं. शिवाय तिकीट, पत्त्यांची विक्री आणि खोल्या अशा तीन वाटांनी पैसा येतो. सगळा भार खोल्यांवर नाही.

तुमच्याकडे राजवाडा नाही, मान्य. पण ओटी आहे, पडवी आहे, माजघर आहे, मागे न्हाणीघर आणि पुढे शेणाने सारवलेलं खळं आहे. पुण्याहून किंवा बेंगळुरूहून येणारा माणूस याच गोष्टींचे पैसे देतो. सकाळी ओटीवर चहा, मग गरम घावणे-चटणी किंवा आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ. (ब्रेड-बटर कृपा करून देऊ नका, ते त्याला घरी रोज मिळतं.) माजघराचे प्लायवूड लावून दोन तुकडे केलेत, की खोल्या वाढतात आणि राहायला येण्याचं कारण संपतं. केंद्र सरकारच्या निवास-न्याहारी योजनेतही एक ते सहा खोल्यांचीच मर्यादा आहे आणि मालकाने तिथे राहणं अपेक्षित आहे. योजना नीट वाचली की कळतं, हा धंदा लहानच ठेवण्यासाठी आहे.

पण लहान धंद्यात दर चुकला की सावरायला जागा नसते. म्हणून आता हिशोब. आकडे मी नमुन्यासाठी धरलेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा, चार खोल्या. पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी, म्हणून प्रत्येक खोली वर्षाला ११० रात्री भरते असं धरू. म्हणजे एकूण ४४० रात्री. खर्च: दोन मदतनीस, प्रत्येकी महिना १२,००० रुपये, वर्षाचे २,८८,०००. वीज, पाणी, इंटरनेट ९०,०००. चादरी-टॉवेल आणि किरकोळ दुरुस्ती ६०,०००. विमा, परवाने वगैरे ३०,०००. आणि घराची देखभाल १,५०,०००. बहुतेक जण हा शेवटचा आकडा लिहीतच नाहीत! कोकणातला पाऊस, खारी हवा आणि वाळवी, तिघं मिळून जुनं घर रोज थोडं थोडं खातात. दरवर्षी पावसाआधी शाकारणी, फुटलेली कौलं, कुजलेला वासा, एखादी रीप हे ठरलेलंच. पाहुणा येवो न येवो, हा खर्च होणार. एकूण झाले ६,१८,०००.

घर नीट करायला १५ लाखांचं कर्ज काढलंत, दहा वर्षांसाठी, दहा टक्क्यांच्या आसपास, तर हप्ता महिना २०,०००च्या जवळ जातो. वर्षाचे २,४०,०००. आता एकूण ८,५८,०००. भागिले ४४०, म्हणजे एका रात्रीला १,९५०.

यावर दोघांची न्याहारी २०० आणि धुलाई १५० मिळवा. बुकिंग ऑनलाइन आलं तर कमिशन धरा १५ टक्के. आता बघा: शेजारचा नवा लॉज १,८०० घेतो म्हणून तुम्ही २,००० सांगितलेत. कमिशन गेलं, उरले १,७००. न्याहारी-धुलाई गेली, उरले १,३५०. गुणिले ४४०, वर्षाचे ५,९४,०००. खर्च ८,५८,०००. म्हणजे खोल्या ठरल्याप्रमाणे भरल्या तरी वर्षाला २,६४,००० खिशातून, आणि तुमचा पगार शून्य. हे दोन-तीन वर्षं चाललं की आधी शाकारणी पुढे ढकलली जाते, मग हप्ता थकतो, मग घराला गिऱ्हाईक शोधायची वेळ येते. आजोबांनी बांधलेलं घर वाचवायला निघालेला माणूस त्याच धंद्यात घर घालवून बसतो.

फक्त खर्च निघायला दर हवा साधारण २,७००. तुम्ही स्वतःला महिना २५,००० पगार धरलात तर ३,५००. "एवढे कोण देणार?" असं लगेच म्हणू नका. नव्या लॉजशी तुमची तुलना होते ती खोली दाखवल्यावर. घर दाखवलंत तर होत नाही. तरीही ३,५०० जड वाटत असेल तर राजवाड्यासारख्या दुसऱ्या वाटा काढा. आगाऊ सांगून मालवणी जेवण, घरचं कोकम आगळ, काजू, किंवा बागेत तासाभराचा फेरफटका. मागून पन्नास गोष्टी विकू नका. एक निवडा आणि तुमच्या घरात जी खरंच चालते तीच निवडा.

डागडुजीबद्दल एकच सांगतो, बाकी जाणकार गवंड्याला विचारा. चिऱ्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नका. ओल आत अडकते आणि भिंत आतून खराब होते. चुन्याचं काम महाग वाटेल, पण भिंत श्वास घेते. बाथरूम मात्र चांगलंच हवं, तिथे जुनेपणाचं कौतुक कोणी करत नाही. जमलं तर मूळ भिंती न फोडता मागच्या बाजूला जोडून बांधा.

कागदपत्रांत योजनेची नोंदणी, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आणि जेवणासाठी अन्न सुरक्षा नोंदणी. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते, हे विसरू नका.

आता सगळ्यात नाजूक विषय. जुनं घर सहसा एकाच्या नावावर नसतं. मुंबईचे काका, ठाण्याची आत्या, बडोद्याचा चुलतभाऊ, सगळ्यांचा हिस्सा. धंदा चालला नाही तर कोणी बोलत नाही, चालला की सगळे विचारतात. म्हणून कर्जाआधी सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या: दुरुस्तीचा पैसा कोण घालणार, नफ्यात कोणाला किती, आणि पुढे कोणाला घर विकायचं झालं तर तुमच्या खर्चाचं काय. हे वकिलाकडून लिहून घ्या.

त्याच कागदावर तारखाही लिहा. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी घरी येणार, त्यांना "खोली बुक आहे" असं सांगता येणार नाही, सांगूही नये. ते दिवस कॅलेंडरवर आधीच काट मारून टाका. वादाचा महिना मे. तेव्हाच पाहुणे सर्वांत जास्त पैसे देतात आणि तेव्हाच काकांच्या नातवंडांना सुट्टी असते. मेचे कोणते दहा दिवस घरच्यांचे आणि कोणते धंद्याचे, हे जानेवारीतच फोनवर ठरवा. वरच्या ११० रात्री मोजताना हे दिवस वजा केलेत ना, तेही एकदा तपासा.

पुढच्या भागात ऑनलाइन कमिशन कमी करून थेट बुकिंग कसं वाढवायचं ते बघू. तोपर्यंत एक काम करा: तुमच्याच घरात, पाहुण्याला द्यायच्या खोलीत, एक रात्र झोपा. पंखा, गादी, डास, रात्री उठल्यावर बाथरूमची वाट, सकाळचा उजेड, सगळं वहीत लिहा.